मुलांची लेखन कार्यशाळा घेताय? मग या चुका टाळा

दरवर्षी परीक्षा संपायच्या सुमाराला कोल्हापुरात कुठलं ना कुठलं मंडळ, वाचनालय नाहीतर ट्रस्ट मुलांसाठी फुकट लेखन कार्यशाळा जाहीर करतंय. हेतू चांगला असतो, बॅनर भारी असतो, पहिल्या दिवशी हॉल भरतो पण, आणि तिसऱ्या दिवशी बघावं तर पोरांपेक्षा कार्यकर्ते जास्त. मग 'आजकालच्या पोरांना मोबाईलशिवाय काय सुचत नाही' असं म्हणून सगळे मोकळे. तसं नसतंय ओ. बहुतेक वेळा अख्खी कार्यशाळा मोठ्यांच्या सोयीनं आखलेली असते आणि ते पोरांना पहिल्या अर्ध्या तासातच कळतंय.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे भाषण. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, गुलाबपुष्प, मग पाहुणे 'साहित्य म्हणजे काय' यावर सुरू, मग आभार मानणाऱ्याला पण चार शब्द बोलायचे असतात, आणि पोराच्या हातात पेन येईस्तोवर बिस्किटाची वेळ होते. दोन तासांचं सत्र असेल तर निदान एक तास पेन चाललं पाहिजे आणि पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी लिहून झालं पाहिजे, कसलं का असेना. पाहुणे बोलवा की, पण त्यांना पण वही द्या आणि पोरांच्यात बसवा, तिथं खरी मजा येते.

दुसरं विषय. 'माझी आई' किंवा 'पावसाळ्यातील एक दिवस' दिला की निबंधच येणार, कारण तो त्यांना शाळेत पाठ आहे, त्यात पोराची काय चूक? त्यापेक्षा बारकं आणि जवळचं काहीतरी द्या: केएमटीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या पिशवीत काय असेल, रंकाळ्यावर भेळ खाताना कानावर पडलेलं एकच वाक्य, घरातली कुणीच वापरत नाही तरी टाकून देत नाही अशी वस्तू. महापुराचा विषय मात्र पहिल्याच दिवशी काढू नका. २०१९ आणि २०२१ ला पूरपट्ट्यातल्या कितीतरी पोरांनी घर सोडलंय, ते त्यांना वाटेल तेव्हा आपोआप येतंय.

आणि 'सर, काय सुचत नाही' असं म्हणून बसलेलं पोरगं असतंयच. त्याला 'विचार कर, विचार कर' म्हणून उपयोग नाही. शेजारी बसा, त्याला तोंडी सांगू दे, पहिल्या तीन ओळी तुम्ही त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या आणि मग पेन त्याच्या हातात द्या. एका कार्यकर्त्यामागं पाच-सहाच पोरं असतील तरच हे जमतं, चाळीस पोरांना एक माईक असला की नाही जमत. डब्लिनमध्ये फायटिंग वर्ड्स म्हणून एक केंद्र आहे, २००९ पासून मुलांसाठी मोफत चालतंय, तिथली एक पद्धत उचलण्यासारखी आहे: गोष्टीची सुरुवात सगळ्यांनी मिळून ओरडून सांगायची, एकानं ती लिहून घ्यायची, गोष्ट ऐन रंगात आली की थांबायचं आणि पुढचा शेवट ज्याचा त्यानं लिहायचा. कोऱ्या पानाची भीतीच जाते.

आता लाल पेन. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण सगळ्यात जास्त वाट इथंच लागते. पोरगी लिहिते, 'आमी पंचगंगेवर गेलतो तवा आज्जी म्हणली, मला इथंच सोडून जावा.' यात काय नाही सांगा? आणि आमच्यातलं कुणीतरी प्रेमानंच तिथं 'आम्ही', 'गेलो होतो', 'तेव्हा', 'आजी म्हणाली' करतंय. आज्जी गेली की त्यातनं! पुढचं पान ती पोरगी पुस्तकातल्यासारखं लिहून आणते, गुळगुळीत. कागलच्या आनंद यादवांनी, पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांनी इथली बोली छापून आणली, पुस्तकं झाली, बक्षिसं मिळाली, आणि आपण त्यांच्याच जिल्ह्यात पोरांचं 'गेलतो' खोडत बसायचं? पहिल्या खर्ड्याला हातच लावायचा नाही. दुसऱ्या वेळी पेन्सिलनं समासात प्रश्न लिहायचा, 'आज्जीनं असं का म्हटलं?', 'तुम्ही मग काय केलंत?' ऱ्हस्व-दीर्घ छापायच्या आधी बघता येतंय, आणि ते पण पोरीला शेजारी बसवून. काहीजण म्हणतील मग प्रमाणभाषा कधी शिकायची, तर त्याला आठवड्याचे सहा दिवस शाळा आहे की.

वयाचं पण बघा. तिसरीतलं पोरगं आणि अकरावीतली पोरगी एका सतरंजीवर बसवली की दोघं पण गप्प होतात. मोठ्या पोरांना सगळ्यांसमोर वाचायची सक्ती नको, 'पास' म्हणायची मुभा पाहिजे. आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार फुटबॉल मॅच असेल त्या दिवशी सत्र ठेवून पोरं का आली नाहीत म्हणून रुसू नका. फोनवरनं आयती गोष्ट उतरवून आणली तर झापू नका, फक्त त्यातल्या एका माणसाबद्दल विचारा, 'हा घरी गेल्यावर काय करतो?' आणि तेवढंच तिथं बसून लिहायला सांगा.

एक गोष्ट मात्र कार्यशाळेच्या आधीच ठरवून ठेवायची. कधीतरी कुणाच्या तरी वहीत मारहाणीचं, नको त्या स्पर्शाचं काहीतरी येतं. भुताची नाहीतर खुनाची गोष्ट लिहिली म्हणून लगेच घाबरायचं नाही, पण शंका आली तर ते पान वाचून दाखवायचं नाही, ग्रुपवर तर अजिबात टाकायचं नाही, एका ठरलेल्या माणसानं पोराशी शांतपणे बोलायचं. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 'घरचा मामला' म्हणून गप्प बसता येत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाईन नंबर भिंतीवर लावा. आणि एकटा मोठा माणूस एकट्या पोराबरोबर बंद खोलीत, हे कधीच नाही.

शेवटी पुस्तिका. पोरानं लिहिलं ते पोराचं, कॉपीराइट पण त्याचाच, संस्थेनं हॉलचं भाडं भरलं म्हणून तो संस्थेचा होत नाही. १८ च्या खालच्यांसाठी पालकांची लेखी परवानगी घ्या, छापायची वेगळी आणि फोटोची वेगळी. सेंटर पिन मारणार असाल तर पानं चारच्या पटीत धरा, नाहीतर उरलेल्या पानांवर अध्यक्षांचं मनोगत येतंय. प्रकाशनाला शाल-श्रीफळ कमी आणि पोरांचं वाचन जास्त ठेवा, पहिल्या प्रती देणगीदारांना नको, पोरांना. ऊसतोड कामगारांच्या वस्तीवर कार्यशाळा घेत असाल तर हे सगळं फेब्रुवारीतच उरका, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की टोळ्या गावी निघतात आणि पुस्तिका ऑफिसच्या कपाटात पडून राहतात.