टो सेट करताना या चुका टाळा

टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकं सरळ रेषेपासून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते. घरी टो सेट करण्याच्या मी पूर्ण बाजूने आहे. पण तीच ती चूक पाचव्यांदा निस्तरायला लागली की जीव तुटतो, कारण त्यात चांगले टायर फुकट जातात.

आधी एक आकडा डोक्यात ठेवा. गाडीच्या बाजूने ताणलेल्या दोरीपासून 17 इंची रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेच्या अंतरात 1 मिमी फरक म्हणजे चाक जवळपास 8 मिनिटं वळलेलं; 60 मिनिटांचा एक अंश. स्पोर्ट्स कारचं सगळं काम या मिलिमीटरभरात चालतं.

दोरी चारही चाकांपासून सारख्या अंतरावर लावणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. माझ्या भाच्याने कोथरूडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपल्या जुन्या पोर्शे बॉक्सटरला टो मापायला दोऱ्या लावल्या. बोहरी आळीतून गवंड्यांची लाइनदोरी आणली, चार स्टँड उभे केले, आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून दोरी बरोबर 100 मिमीवर ताणली. मग चारही चाकं दोरीला समांतर केली. काम नेटकं होतं. कोल्हापूरला जाऊन आला आणि म्हणाला, "मामा, गाडी वळायलाच तयार नाही." मी पुढच्या टायरवरून हात फिरवला, तर खाचांच्या कडांना करवतीसारखे दात आलेले.

या गाडीत मागच्या दोन चाकांमधलं अंतर पुढच्यापेक्षा सुमारे 40 मिमी जास्त आहे. म्हणजे त्याची प्रत्येक दोरी मागे 20 मिमी बाहेर फाकली होती. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, 2415 मिमी. हिशेब केला तर प्रत्येक चाक 28 मिनिटं आत वळलेलं निघालं, रिमवर साडेतीन मिमीहून जास्त. सरळ रस्त्यावर प्रत्येक चाक किलोमीटरमागे आठ मीटर आडवं घासत होतं.

दोरी गाडीच्या मध्यरेषेला समांतर हवी. एकाच ॲक्सलवर डावं-उजवं अंतर सारखं. पुढचं आणि मागचं मात्र वेगळं येणारच. मी दोन ॲल्युमिनियम पाइपांवर सारख्याच अंतरावर खाचा पाडून ठेवल्या आहेत. एक पाइप गाडीच्या पुढे, एक मागे. दोऱ्या आपोआप समांतर राहतात, मला त्या फक्त मधोमध आणायच्या असतात. पाइपाला पाय लागला तर सगळं पहिल्यापासून. "थोडंसंच हललंय" हे मी ऐकून घेत नाही.

जॅक काढला की लगेच माप

गाडी जॅकवरून उतरते तेव्हा टायर जमिनीला आडवा चिकटून बसतो आणि सस्पेन्शन वरच अडकतं. तेव्हा घेतलेलं माप खोटं. गाडी ढकलत दोन-तीन मीटर मागे न्या, पुन्हा पुढे आणा, बॉनेट आणि डिकी दाबून गाडी हलवा, मग मापा. ज्यांना तेवढी जागा नाही त्यांनी प्रत्येक चाकाखाली ग्रीस लावलेले दोन पत्रे एकावर एक ठेवावेत. मी पत्रे वापरतो, तरी जागा असली की गाडी ढकलतोच. यात पाच मिनिटं जातात. तीही ज्याला जड होतात त्याने पाना हातात घेऊ नये.

फक्त पुढची चाकं

"मागचं ठीक असतं हो," असं सांगून मला एका दुकानातून परत पाठवलं होतं. मागच्या टोचं ॲडजस्टमेंट असलेल्या गाडीत आधी मागचंच करायचं. मागची चाकं एका बाजूला बघत असतील तर गाडी तिरकी चालते आणि स्टिअरिंग वाकडं राहतं, पुढे कितीही कसरत करा. मागे टो-आउट (चाकांची पुढची कड बाहेर वळलेली) राहिला तर ताम्हिणीच्या ओल्या वळणावर ॲक्सिलरेटर सोडताच मागची बाजू बाहेर निघू शकते. इथे मी तडजोड करत नाही.

बाकीच्या

कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाकाचा आत-बाहेर कल) बदलला की टो बदलतो, म्हणून टो शेवटी.

टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकाला वळवणारा दांडा) एंड किंवा बेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर आधी तो भाग बदला.

खड्ड्यात आपटलेलं रिम वाकडं असू शकतं. चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मापा आणि सरासरी घ्या.

हवा आधी भरा. स्टिअरिंग सरळ करून बांधून ठेवा.

टाय रॉडच्या आट्यांचा पिच बऱ्याच गाड्यांत 1.5 मिमी असतो, त्यामुळे पाव फेऱ्यातही आकडा दहाएक मिनिटांनी हलतो. दोन्ही बाजू सारख्या फिरवा, नाहीतर स्टिअरिंग वाकडं होईल. रबरी बूटला पीळ पडलाय का तेही बघा.

गाडी डावीकडे ओढते म्हणून टो फिरवू नका. आपले रस्ते कडेला उतरते असतात. आधी रस्त्याच्या सपाट भागावर, मोकळ्या वेळी तपासा. तरीही ओढत असेल तर टायर आणि कॅम्बर बघा.

लॉकनट आवळताना रॉड सोबत फिरतो, म्हणून दुसऱ्या पान्याने रॉड धरा आणि आवळून झाल्यावर पुन्हा मापा. मी नट आणि रॉड दोन्हींवरून नेलपॉलिशची एकच रेघ ओढतो. पन्नास किलोमीटरनंतर वाकून बघतो. रेघ तुटलेली दिसली तर पाइप पुन्हा बाहेर काढतो.