सीसीएनएच्या सरावासाठी स्वतः तपासणारी लॅब कशी बनवावी आणि इतरांना कशी द्यावी

सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेची तयारी करणाऱ्यांना घरी सराव करता यावा म्हणून अनेक जण आपल्या लॅब, म्हणजे संगणकावरची सरावाची जाळी, मोफत देतात. पण त्यांतल्या बऱ्याच लॅब म्हणजे तारांनी जोडलेल्या उपकरणांचे नुसते चित्र असते, आणि चूक आपली की लॅबची हे सोडवणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या आभासी जाळे बनवण्याच्या प्रोग्राममध्ये स्वतःच गुण देणारी लॅब बनवता येते. वाटायचीच असेल तर तशी बनवावी.

एका लॅबमध्ये एकच विषय घ्यावा. उदाहरणार्थ एक राउटर, एक स्विच, चार संगणक, व्हीलॅन १० आणि २० (एकाच स्विचवरची दोन वेगळी आभासी जाळी), आणि या दोहोंमधली वाहतूक राउटरच्या एकाच पोर्टवरून. हे जाळे पूर्ण सोडवून, सगळीकडून पिंग (दुसऱ्या उपकरणापर्यंत पोहोचता येते का हे पाहणारा चाचणी-संदेश) लागते याची खात्री करून, प्रत्येक उपकरणावर कॉन्फिगरेशन साठवावे. मग एक्सटेन्शन्समधला अ‍ॅक्टिव्हिटी विझार्ड उघडून सोडवलेले जाळे ‘आन्सर नेटवर्क’मध्ये घालावे, आणि त्याच्याच प्रतीतून उत्तरे पुसून ती ‘इनिशियल नेटवर्क’ म्हणून ठेवावी.

खरी अडचण यापुढे आहे. विझार्डमध्ये उपकरणांच्या प्रत्येक सेटिंगपुढे खुणेची चौकट असते, आणि ‘सगळेच तपासू’ म्हणून सरसकट खुणा करण्याचा मोह होतो. माझ्या पहिल्या लॅबमध्ये मी तेच केले. एका विद्यार्थ्याने ती रात्री उशिरापर्यंत सोडवली. त्याचे चारही संगणक एकमेकांशी व्यवस्थित बोलत होते, पण गुण काही पूर्ण होईनात. त्याने गेटवेच्या (जाळ्याबाहेर जाण्याच्या राउटरच्या) पत्त्याचा शेवटचा आकडा १ ऐवजी २५४ दिला होता आणि व्हीलॅनचे नाव कॅपिटल अक्षरांत लिहिले होते, इतकेच. विझार्ड तुमच्या उत्तराशी अक्षरशः तुलना करतो. दुसरे उत्तरही बरोबर असू शकते, हे त्याला समजत नाही.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की, ज्या सेटिंगवर खूण केली तिचे नेमके मूल्य सूचनांमध्ये लिहिलेले असलेच पाहिजे. लिहायचे नसेल तर खूण काढून टाकावी. गेटवेचा पत्ता तपासायचा असेल तर पत्त्यांचा तक्ता द्यावा. उपकरणांच्या नावांना गुण देऊ नयेत. त्यातून नेटवर्किंग कोणी शिकत नाही. शक्य तितके गुण कनेक्टिव्हिटी टेस्टवर ठेवावेत, कारण व्हीलॅन १० मधून व्हीलॅन २० मध्ये पॅकेट पोहोचले की नाही, हेच शेवटी महत्त्वाचे असते. मात्र येथेही एक खोच आहे. फाइल उघडल्यावर स्विचचे दिवे काही वेळ नारिंगी राहतात, कारण जाळ्यातली वर्तुळे टाळणारा स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल पोर्ट खुला करायला सुमारे ३० सेकंद घेतो. शिवाय एआरपी (आयपी पत्त्यावरून उपकरणाचा हार्डवेअर पत्ता शोधणे) पूर्ण होईपर्यंत पहिले पिंग अनेकदा वाया जाते. म्हणून ‘दिवे हिरवे होऊ द्या, एकदा पिंग करा आणि मगच तपासा’ असे सूचनांमध्ये ठळक लिहावे, नाहीतर लोक बरोबर कॉन्फिगरेशन पुसून पुन्हा पहिल्यापासून बसतात.

लॅब तयार झाली की ती स्वतः, पण मुद्दाम वेगळ्या आणि बरोबर मार्गाने सोडवून पाहावी. राउटरवर सबइंटरफेसला (एकाच पोर्टच्या प्रत्येक व्हीलॅनसाठीच्या भागाला) आयपी पत्ता देण्याआधी डॉट-वन-क्यू एन्कॅप्स्युलेशन, म्हणजे व्हीलॅनच्या क्रमांकाची खूण, द्यावे लागते आणि मूळ पोर्टवर तो चालू करणारी ‘नो शटडाउन’ ही आज्ञा लागते. इथे बहुतेक जण अडकतात, तेव्हा इशारा द्यायचा तर इथेच द्यावा.

पॅकेट ट्रेसरच्या नव्या आवृत्तीतली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून फाइलच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक घालावा. लॅब जीएनएस-३ या दुसऱ्या प्रोग्राममध्ये बनवली असेल तर प्रकल्पासोबत आयओएसच्या, म्हणजे सिस्कोच्या उपकरणांच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या, इमेज फाइल देऊ नयेत. त्यांवर परवान्याचे बंधन आहे, ते मोफत वाटल्याने सुटत नाही. परीक्षेत आलेले प्रश्न आठवून लॅबमध्ये घालणेही बंदच ठेवावे, कारण परीक्षार्थीने गोपनीयतेचा करार मान्य केलेला असतो. एवढे पाहून झाले की पीकेए फाइलसोबत (विझार्डने बनवलेल्या लॅबच्या फाइलसोबत) सूचनांचे एक पान जोडावे आणि लॅब द्यावी.