रिकाम्या बिळाचीही नोंद : भरतपूरचे अजगर शोधताना

दहा-बारा फूट वाढणारा प्राणी शोधणे ते काय अवघड, असे राजस्थानातील भरतपूरला जाईपर्यंत मला वाटत असे. प्राणिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण संपवून मी तेथील केवलादेव राष्ट्रीय उद्यानातील एका सर्वेक्षणात सहभागी झाले आणि पहिल्या सहा दिवसांत मला एकही अजगर दिसला नाही. दिसले ते बिळांसमोरच्या धुळीत उमटलेले रुंद, जवळजवळ सरळ पट्टे आणि पिलू नावाच्या एका झुडपाखाली अडकलेला कातीचा तुकडा. या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहिताना त्या सहा दिवसांपासूनच सुरुवात करणे मला योग्य वाटते, कारण ते मी वाया गेलेले दिवस समजले होते आणि नोंदवहीत त्यांच्याविषयी एक ओळही लिहिली नव्हती.

केवलादेव हे जेमतेम २९ चौरस किलोमीटरचे, पाणपक्ष्यांसाठी जगभर प्रसिद्ध असलेले उद्यान. भारतीय अजगर स्वतः बीळ खोदत नाही. येथे तो प्रामुख्याने साळिंदराने उकरलेल्या बिळांचा आश्रय घेतो. ही बिळे पाणथळीत नसून थोड्या उंचवट्याच्या, बऱ्याचदा खारवट जमिनीवर असतात. त्यामुळे नकाशा हाती आल्यावर प्रथम अजगर कोठे असेल हे न शोधता साळिंदर कोठे खोदेल, याचा विचार करावा. एस. भूपती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील अजगरांचा अभ्यास करून तो १९८९ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. तो न वाचता मी मैदानात उतरले, ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक वेळेची. अजगराच्या शरीराचे तापमान भोवतालच्या तापमानावर अवलंबून असते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत तो ऊन खाण्यासाठी बिळाबाहेर येतो, आणि वर्षातील हाच काळ त्याला पाहण्यास सर्वांत सोयीचा असतो. मी मात्र पक्षीनिरीक्षणाच्या सवयीने पहाटेच बाहेर पडत असे. भरतपूरच्या दाट धुक्यात त्या वेळी अजगर बिळाच्या तळाशी असतो. धुके विरून जमीन तापू लागल्यावर, साधारण दहा-अकरानंतर, तो बाहेर सरकतो. ही गोष्ट मला सायकलरिक्षा चालवणाऱ्या एका वयस्कर सरदारजींनी सांगितली. हे रिक्षाचालक वर्षानुवर्षे पर्यटकांना फिरवत असल्याने कोणती ‘सेही की मांद’ (साळिंदराचे बीळ) चालू आहे आणि कोणती ओस पडली आहे, हे त्यांना माहीत असते. त्यांच्याबरोबर चहा घेण्यात गेलेला अर्धा तास हा सर्वेक्षणाचाच भाग समजावा.

अजगर दिसू लागल्यावर खरी अडचण सुरू होते. ऊन खाणाऱ्या अजगराच्या फार जवळ गेल्यास तो बिळात शिरतो, आणि थंडीच्या दिवसांत अशी गमावलेली ऊब त्याला महागात पडू शकते. त्यामुळे दुर्बीण आणि लांब पल्ल्याची लेन्स वापरून दुरूनच काम करावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असलेल्या या प्राण्याला पकडणे किंवा हाताळणे परवानगीवाचून गुन्हा ठरते, आणि गणनेसाठी त्याची गरजही नसते. अंगावरील तपकिरी डागांची मांडणी प्रत्येक अजगरात वेगळी असते. मानेपासून पुढच्या काही डागांची स्वच्छ छायाचित्रे दोन्ही बाजूंनी मिळाली, तर तो प्राणी पुन्हा ओळखता येतो. पहिल्या महिन्यात मी हे केले नाही. एकाच बिळात अनेक अजगर राहू शकतात आणि एक अजगर शेजारच्या बिळातही जाऊ शकतो, हे ध्यानात न घेता मी ‘सतरा अजगर’ असा आकडा लिहिला. छायाचित्रे जुळवल्यावर ते अकराच निघाले. ज्या प्राण्यांची संख्या घटत असल्याची शंका आहे, त्यांच्या बाबतीत अशी फुगलेली संख्या ही निव्वळ बेशिस्त नसून हानिकारक गोष्ट आहे, कारण पुढच्या वर्षी नीट केलेली मोजणी आधीच्या आकड्यापुढे खोटीच घट दाखवील.

म्हणूनच रिकाम्या बिळाला मी आता इतके महत्त्व देते. बिळाचा क्रमांक, तारीख, वेळ, हवेचे व जमिनीचे तापमान, धुके, आपण किती वेळ थांबलो आणि काहीही दिसले नाही, असे सर्व लिहावे. एका फेरीत अजगर दिसला नाही म्हणजे तो तेथे नाही, असे होत नाही. परंतु त्याच बिळावर अनुकूल हवेत पाच-सहा वेळा जाऊनही धुळीत पट्टा, कात किंवा विष्ठा यांपैकी काहीच आढळले नाही, तर त्या ‘नाही’ला वजन येते. बिळाच्या तोंडावर कोळ्याचे अखंड जाळे असेल, तर तेही टिपावे. माझे पहिले सहा दिवस या अर्थाने मोलाचे होते, पण कागदावर नसल्यामुळे त्यांचा आता काही उपयोग नाही.

घट का होते, याचा विचार करताना केवळ बिळापाशी थांबू नये. गंभीर नदीवरील पांचना धरणामुळे उद्यानाला मिळणारे पाणी अनेक वर्षे अनिश्चित झाले होते. पाणी आटले की पाणपक्षी कमी होतात, आणि पक्षी हे अजगराच्या आहारातले एक भक्ष्य आहे. मोकळ्या जमिनीवर पसरलेल्या वेड्या बाभळीने बिळांची तोंडे झाकली, तर ऊन खाण्याच्या जागाही कमी होऊ शकतात. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे एका हिवाळ्याच्या नोंदींवरून सांगण्याच्या मोहात पडू नये. मी पडले होते. मार्गदर्शकांनी अहवालातील ते पान न बोलता परत केले.

मार्च उजाडल्यावर ऊन खाणारे अजगर क्वचितच दिसतात आणि नवख्याचा उत्साह नेमका तेव्हा बिळात डोकावण्याकडे वळतो. पुढे अंड्यांचा काळ येतो. मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि स्नायूंच्या थरथरीने त्यांना ऊब देते. त्या दिवसांत बिळात बॅटरीचा झोत टाकू नये. नोंदवहीत ‘तपासले नाही’ असे लिहून पुढच्या बिळाकडे जावे.