विचारसरणी पाठ करू नका, तिला प्रश्न विचारा

भांडवलशाही, समाजवाद, साम्यवाद, फॅसिझम... यांच्या व्याख्या घोकून पेपरात मार्क मिळतीलही, पण डोक्यात काही राहत नाही, कारण ही विचारसरणी कशावर चिडून उभी राहिली हे व्याख्येत कधी नसतंच.

म्हणून आधी तेच शोधा, भांडण कोणाशी होतं. अर्थतज्ज्ञ ॲडम स्मिथने १७७६ मध्ये खुल्या व्यापाराची बाजू घेतली तेव्हा त्याच्यासमोर सरकारने ठरावीक कंपन्यांना दिलेली मक्तेदारी आणि आयातीवरची बंधनं होती. मार्क्स-एंगल्सचा १८४८ चा साम्यवादी जाहीरनामा वाचताना तेव्हाच्या गिरण्या डोळ्यासमोर आणा. ब्रिटनमध्ये लहान पोरांना राबवू नये म्हणून कायदा केला तरी मालक ऐकेनात, शेवटी १८३३ च्या कायद्याने सरकारी इन्स्पेक्टर नेमावे लागले, आता सांगा राग येणार नाही तर काय!

मग दोन प्रश्न, आणि हे वेगवेगळेच विचारायचे: मालकी कोणाची? आणि निर्णय कोण घेतं? बहुतेकांचा घोळ इथेच होतो. मुसोलिनीच्या फॅसिस्ट इटलीत कारखाने बऱ्याच अंशी खासगी मालकांकडेच राहिले पण १९२६ मध्ये संपावर बंदी आली, म्हणजे मालमत्ता शाबूत आणि स्वातंत्र्य गेलं. एकाच प्रश्नावर थांबलात तर हे दिसणारच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाटी काय लावलीय ते सोडा आणि काम काय केलं ते बघा. बिस्मार्क घ्या, जर्मनीचा चान्सलर (म्हणजे पंतप्रधानासारखं पद), पक्का राजनिष्ठ माणूस, १८७८ मध्ये समाजवाद्यांच्या सभा, वर्तमानपत्रं, संघटना सगळ्यावर बंदी घातली. आणि याच माणसाने १८८३ मध्ये कामगारांना आजारपणाचा विमा दिला, १८८४ मध्ये अपघात विमा, १८८९ मध्ये म्हातारपणाची पेन्शन (वय मात्र ७० पूर्ण हवं!). समाजवाद आवडला म्हणून नाही हो, कामगार तिकडे जाऊ नयेत म्हणून. विमा समाजवाद्यांचा आणि बाजार भांडवलवाल्यांचा असं धरून चालणाऱ्यांनी हे प्रकरण नीट वाचावंच, आणि त्याला जोडून रशियाचा साम्यवादी नेता लेनिन याचं १९२१ चं नवं आर्थिक धोरणही, शेतकऱ्याने कर भरून उरलेलं धान्य बाजारात विकायला परवानगी, पण बँका आणि मोठे उद्योग सरकारकडेच.

उदारमतवाद, राष्ट्रवाद यांनाही हेच प्रश्न लावा, वेगळं काही लागत नाही.

सरावाला १९३३ साल घ्या. मंदीने जग हैराण, अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टची न्यू डील (मंदीतून सावरायचा सरकारी कार्यक्रम) सुरू होते, जर्मनीत हिटलर चान्सलर होतो, सोव्हिएत संघात पंचवार्षिक योजना चालू आहेत आणि युक्रेनमध्ये माणसं उपाशी मरतायत. एका कागदावर तीन रकाने पाडा, वरचे प्रश्न एकेका देशाला विचारा, उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहा आणि मगच पुस्तकातली व्याख्या उघडा.