जुना टॅब एक्सचेंजला देण्याआधी

दसरा जवळ आला की वाशीपासून खारघरपर्यंत दुकानांवर एक्सचेंज ऑफरचे फलक लागतात आणि कपाटातले जुने फोन, टॅब, लॅपटॉप बाहेर निघतात. जरूर द्या. पण दुकानात न्यायच्या आधी एक अख्खा रविवार हाताशी ठेवा. त्या यंत्रांत वर्षानुवर्षं पैसे मोजून घेतलेली पुस्तकं, गाणी, ॲप, सॉफ्टवेअर आहेत. त्यातलं नव्या यंत्रावर काय येईल आणि काय नाही, हे जुनं यंत्र चालू आहे तोवरच तपासता येतं.

नवी मुंबईकराला यातली मेख लगेच कळावी. फ्लॅट आपल्या नावावर, पण खालची जमीन सिडकोची, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली. तिथे निदान मुदत कागदावर असते. डिजिटल दुकानात पैसे भरल्यावर मिळतो तो वापराचा परवाना. तो आपल्या खात्याला चिकटलेला असतो आणि दुकान उघडं असेपर्यंत चालतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू झाला, की हे ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय अशा मालाची 'विक्री' म्हणून जाहिरात करायची नाही. त्यातून सूट कोणाला? जी वस्तू एकदा उतरवून घेतली की पुढे विक्रेत्याला न विचारता कायम वापरता येते, तिला. आपण यादी करतानाही हीच चाळणी लावायची.

यंत्र विमान मोडवर टाका आणि एकेक वस्तू उघडून बघा. उघडली नाही, तर ती यंत्रात नाहीच, नुसतं मुखपृष्ठ दिसतंय. उघडली, तर तिची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा. तिथेही उघडली, तर ती खरी तुमची. बहुतेक वस्तू पहिल्या परीक्षेत पास आणि दुसरीत नापास होतात. पुढचा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी आहे.

त्याआधी एक वही घ्या, कागदाची. प्रत्येक यंत्रापुढे त्याची सिस्टिम कितवी, त्यावर कोणता ईमेल लॉग-इन आहे आणि त्या ईमेलला कोणता मोबाइल नंबर जोडलाय, हे लिहा. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आमच्या इमारतीतल्या एका काकांचं खातं ज्या नंबरवर होतं, तो रिचार्ज न केल्यामुळे बंद होऊन दुसऱ्याच कुणाकडे गेला होता. टॅब लॉग-इन होता तोवर कुणाला पत्ता नव्हता. दुकानातल्या मुलाने तत्परतेने रीसेट मारला आणि ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जायला लागले. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही आणि त्यात किमान शिल्लकही नसली तर ते बंद होऊ शकतं, म्हणून आधी नंबर बदला, मग बाकीचं.

मग खरेदीची यादी काढा. प्ले स्टोअरमध्ये ऑर्डरचा इतिहास सापडतो, ॲपलचा त्यांच्या 'रिपोर्ट अ प्रॉब्लेम' पानावर. दोन्हींची पीडीएफ करून ठेवा. दुकान बंद करताना कंपनी कधी पैसे परत देते: मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान गुंडाळलं, लोकांची पुस्तकं काढून घेतली आणि रक्कम परत केली. अशा वेळी पावती हाताशी असलेली बरी. स्टोरीटेल, नेटफ्लिक्स किंवा किंडल अनलिमिटेडवरचं काही यादीत घालू नका. ती वर्गणी होती, भरली तोवर मिळाली.

पुस्तकांकडे नीट लक्ष द्या. किंडलची पुस्तकं वेबसाइटवरून कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने भरायची सोय २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली आहे, त्यामुळे पुस्तकं वायफायनेच येणार. जुन्या किंडलमध्ये जे हवं ते आत्ताच उतरवून घ्या आणि ते किंडल डीरजिस्टर करू नका, म्हणजे खात्यातून काढू नका, नाहीतर आतलं सगळं पुसलं जाईल. मराठी ई-पुस्तकं ज्या ॲपमधून घेतली असतील ते ॲप नव्या फोनवर टाका आणि प्रत्येक पुस्तकाचं मधलं एखादं पान उघडून बघा. कपाटात मुखपृष्ठ दिसलं म्हणून खूश होऊ नका. फ्लिपकार्टने डिसेंबर २०१५ मध्ये ई-पुस्तकं बंद केली तेव्हा ग्राहकांना कोबो या दुसऱ्या ई-पुस्तक दुकानाकडे सोपवलं होतं. तेव्हाची खरेदी असेल तर जुन्या ईमेलमध्ये ते पत्र शोधा. फाइल दुसरीकडे उघडू न देणारं जे डिजिटल कुलूप असतं, ते तोडणारी सॉफ्टवेअर मिळतात, विचाराल म्हणून सांगतो. पण कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ आहे आणि हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्वतःपुरता वापर म्हणजे हक्कभंग नव्हे, हा युक्तिवाद करता येतो, पण तो करायची वेळ न आलेली बरी.

गाणी त्या मानाने सोपी. फ्लिपकार्टचंच 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान २०१२ मध्ये निघालं आणि २०१३ मध्ये बंदही झालं. पण तिथल्या एमपी३ फाइलींना कुलूप नव्हतं, त्यामुळे ज्यांनी उतरवून ठेवल्या त्यांच्याकडे त्या आजही वाजतात. आयट्यून्सची विकत घेतलेली गाणीही २००९ पासून कुलपाविना येतात. सरळ कॉपी करा.

पैसे भरून घेतलेल्या जुन्या ॲपांचं मात्र दुखणं आहे. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ आणलं आणि जुन्या, ३२-बिट बांधणीची ॲप एका फटक्यात गेली. मुलांसाठी घेतलेलं बाराखडीचं किंवा पाढ्यांचं ॲप बनवणाऱ्याने पुढे सुधारलं नसेल, तर ते त्या जुन्या आयपॅडवरच उरलंय. अँड्रॉइड १४ सुद्धा फार जुन्या धाटणीची ॲप बसवून घेत नाही. म्हणून मोठ्या अक्षरात लिहून टॅबवर चिकटवा: रीसेट करायचा नाही. जुन्या यंत्रात सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या सर्टिफिकेटांची यादी जुनीच राहते. त्यांची मुदत संपली की पुन्हा लॉग-इनसुद्धा होईना अशी गत होऊ शकते. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक मोठं मूळ सर्टिफिकेट संपलं आणि जुन्या मॅक-आयफोनवर कितीतरी साइट उघडेनाशा झाल्या. यंत्रात काही बिघडलेलं नव्हतं. जुन्या आयपॅडवर आधी घेतलेलं ॲप हवं असेल तर खरेदीच्या यादीतून उतरवा. त्या सिस्टिमला चालणारी शेवटची आवृत्ती हवी का, असं तो विचारतो, तिथे हो म्हणा.

कॉम्प्युटरला सकाळचा मोकळा वेळ द्या. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या दिवशी काही बंद पडलं नाही, म्हणूनच लोक गाफील आहेत. हिशेबाचं टॅली असेल तर मशिन बदलण्याआधी जुन्यावरून लायसन्स सरेंडर करा. डिस्क फॉरमॅट केल्यावर सरेंडर कुठून करणार? पेन ड्राइव्हवर क्लासची लेक्चर घेतली असतील तर ती बहुधा एकाच लॅपटॉपला बांधलेली असतात, वर बघण्याची मुदत वेगळी. क्लासला आत्ताच लेखी विचारून मशिन बदलून घ्या, परीक्षेच्या आदल्या महिन्यात फोन कुणी उचलत नाही.

ठाण्यात नौपाड्याकडे डीटीपीची कामं केलेली माणसं अजून आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द जास्त. श्रीलिपीसारखी मराठी टायपिंगची पॅकेजेस डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेला छोटा खुंटा, कॉम्प्युटरला लावून चालायची. काही जुनी डोंगल प्रिंटरच्या पोर्टात बसणारी होती आणि ते पोर्ट आजच्या लॅपटॉपला नाहीच. पॅकेज एक वेळ नवं घेता येईल, खरा माल आहे तो त्यात टाइप केलेला मजकूर. तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या आजच्या पद्धतीत, नसेल, तर फॉन्ट गेल्यावर 'आमंत्रण' उघडायला जाल आणि रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. जुनं मशिन सुरू होतंय तोवर प्रत्येक कामाची पीडीएफ करा आणि मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा. रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकार डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टर हमखास अडखळतो तो तिथेच.

गेम आणि टीव्ही पटकन उरकू. एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं, पण आधी घेतलेले गेम उतरवता येतात, ते उतरवून घ्या. कॉम्प्युटर गेमचं दुकान असलेल्या स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ ला रामराम केला. टीव्हीवरचं गूगलचं सिनेमाचं ॲप गेलंय, तिथे घेतलेले चित्रपट त्याच खात्याने यूट्यूबमध्ये शोधा. टीव्हीच जुना झाला तर ॲप चालवणारी स्टिक त्याला लावा, टीव्ही बदलायची गरज नाही.

जे सुटं झालं त्याच्या दोन प्रती करा, एक घरात आणि एक दुसऱ्या घरी. सीडी-डीव्हीडीवर भिस्त नको. आपल्याकडच्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते.

घरच्यांना वही कुठे आहे ते सांगा. ॲपलमध्ये वारसदार नेमता येतो, पण त्याला फोटो आणि कागद मिळतात, विकत घेतलेले सिनेमे, गाणी, पुस्तकं मिळत नाहीत. खरेदी घरच्यांनाही वापरू देणारी फॅमिली शेअरिंगची सोय असेल तर ती आत्ताच चालू करा.

एवढं झाल्यावर यंत्रांचे दोन ढीग होतील. ज्यातलं सगळं बाहेर आलं, त्यातून खातं काढा, ॲपलचं असेल तर हरवलेलं यंत्र शोधणारं 'फाइंड माय' बंद करा आणि मगच रीसेट. खातं न काढता रीसेट केलेला फोन दुकानदार घेणार नाही. बॅटरी फुगलेली असेल तर चार्ज करत बसू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

दुसऱ्या ढिगातलं, म्हणजे ज्यात काहीतरी अडकूनच राहिलं ते, एक्सचेंजला देऊ नका. दहा वर्षांच्या टॅबचे असे कितीसे पैसे येणार? वायफाय आणि ऑटो-अपडेट बंद करा, बॅटरी अर्धी भरून कोरड्या कपाटात ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा अर्ध्यापर्यंत चार्ज करा.