अँटेनाचा सिग्नल स्वस्तात मोजायचाय? आधी या चुका टाळा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘सिग्नल मीटर’ मागितला की बऱ्याच दुकानांत समोर ठेवला जातो तो डिश बसवणाऱ्यांचा सॅटेलाइट फाइंडर. छोटी डबी, एक काटा, सिग्नल वाढला की वाजणारी शिट्टी, आणि किंमत काही शे रुपये. एफएमचा अँटेना तपासायला तो घरी नेला की काटा हलत नाही, आणि दोष अँटेनाच्या माथी जातो. खरं तर ती डबी साधारण ९५० ते २१५० मेगाहर्ट्झसाठी बनवलेली असते, म्हणजे डिशवरच्या एलएनबीतून खाली येणाऱ्या सिग्नलसाठी. आपलं एफएम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर, हॅमवाल्यांचा (परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांचा) दोन मीटरचा पट्टा १४४ ते १४६ वर, आणि मध्यम लहरी तर किलोहर्ट्झमध्ये. तिथे तिचा काहीच उपयोग नाही. फोनवरच्या ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ अ‍ॅपचंही तसंच. ती मोबाइल टॉवर आणि वाय-फायचा जोर सांगतात, गच्चीवरच्या अँटेनाचा नाही.

मग कॅलिब्रेट केलेलं महागडं यंत्र घ्यायचं का? गरज नाही. आपले प्रश्न बघा. हा अँटेना बरा की तो? गॅलरीतून गच्चीवर नेला तर किती फरक पडेल? गेल्या वर्षी नीट येणारं स्टेशन आता का खरखरतं? तिन्ही प्रश्न तुलनेचे आहेत, आणि तुलनेसाठी अचूक यंत्र लागत नाही. दोन्ही वेळा सारखंच चुकणारं यंत्र पुरतं. काही शे ते काही हजार रुपयांत ते नक्की मिळतं. गडबड होते ती वापरताना.

एसडब्ल्यूआर म्हणजे सिग्नल नव्हे

हल्ली हौशी मंडळींच्या हातात नॅनोव्हीएनए हा अँटेना तपासणारा छोटा अ‍ॅनालायझर दिसतो. फार गुणी यंत्र आहे. अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीवर जुळतो, केबल कुठे तुटली आहे, हे तो काही मिनिटांत दाखवतो. पण तो दाखवतो जुळणी, आणि तिचं माप म्हणजे एसडब्ल्यूआर: १:१ म्हणजे पूर्ण जुळणी. अँटेना किती सिग्नल गोळा करतो हे त्याच्या एसडब्ल्यूआरच्या आलेखावरून कळत नाही. ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा नुसता रेझिस्टर) लावून बघा, एसडब्ल्यूआर जवळजवळ १:१ येईल आणि स्टेशन एकही येणार नाही. उलट, नुसतं ऐकायचं असेल तर २:१ किंवा ३:१ एसडब्ल्यूआरचा अँटेना उंचावर आणि मोकळ्या जागी असेल, तर घरातल्या ‘परफेक्ट’ अँटेनाला सहज मागे टाकतो. शिवाय मोजण्याआधी ओपन, शॉर्ट आणि लोड हे तिन्ही टप्पे करून कॅलिब्रेट करायचा कंटाळा केलात तर जुळणीचा आकडाही खोटाच निघेल.

आकडे दाखवणारा रेडिओ घरात असूनही न वापरणं

माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा मार्ग हाच. एसआय ४७३४ किंवा ४७३५ चिपवरचे रेडिओ, उदाहरणार्थ टेकसन पीएल-३१०ईटी किंवा एक्सएचडेटा डी-८०८, पडद्यावर दोन आकडे देतात. एक सिग्नलच्या जोराचा, डीबी-मायक्रोव्होल्टमध्ये, आणि दुसरा सिग्नल गोंगाटापेक्षा किती डीबी (डेसिबल, जोराची तुलना करायचं माप) वर आहे त्याचा. रेडिओ घ्यायचा नसेल तर एसआय ४७३५ चं मॉड्यूल आर्डुइनोला (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला) जोडा, तेच आकडे मिळतील. टीईए ५७६७ चं मॉड्यूल आणखी स्वस्त, पण ते सिग्नल ० ते १५ अशा सोळाच पायऱ्यांत सांगतं. अँटेना थोडासा सरकवून पडणारा फरक त्यात दिसत नाही. त्यापेक्षा थोडे पैसे जास्त घाला.

एक सूचना: मध्यम लहरींवर हे रेडिओ आतल्या फेराइट रॉडवर ऐकतात, वरच्या दांडीवर नाही. दांडीला तार अडकवून आकाशवाणी मुंबईच्या अस्मिता वाहिनीचा ५५८ किलोहर्ट्झवरचा आकडा वाढेल ही अपेक्षा ठेवू नका. तिथे रेडिओच हळूहळू फिरवायचा.

पहिला आकडा बघून दुसरा विसरणं

ही चूक सगळ्यांत जास्त होते, म्हणून इथे जरा थांबतो. गिरगावातल्या एका चाळीतले काका म्हणाले, “अरे, आमची अस्मिता पूर्वी कशी खणखणीत यायची. आता नुसती खरखर. नवीन अँटेना घेऊ का?” त्यांच्या खिडकीत रेडिओ ठेवला तर सिग्नलचा आकडा चांगला होता, पण दुसरा आकडा ९ वर अडकलेला. म्हटलं, “काका, जिन्यातली ती एलईडी ट्यूब दोन मिनिटं बंद करता का?” ट्यूब बंद झाली. पहिला आकडा जवळजवळ जागच्या जागी राहिला आणि दुसरा १८ वर गेला. खरखर थांबली. ट्यूबमधला स्वस्त ड्रायव्हर बदलला आणि काम झालं, अँटेनाला हातही लावावा लागला नाही.

मुंबईत गोंगाटाला तोटा नाही. एलईडी दिवे, चार्जर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, लिफ्टचे ड्राइव्ह, आणि रुळांजवळ राहणाऱ्यांना लोकलच्या २५ हजार व्होल्टच्या तारेवर पेंटोग्राफची ठिणगी. मोठा अँटेना लावला की सिग्नलबरोबर हा गोंगाटही तितकाच वाढतो. त्यामुळे पहिला आकडा वाढला म्हणून खूश होऊ नका. दुसरा वाढला का, ते बघा. मोजायला बसण्याआधी एकदा घरातला मेन स्विच बंद करून बॅटरीवरच्या रेडिओवर आकडे टिपून ठेवा. दोष घरातला की बाहेरचा, ते तिथेच कळतं.

एसडीआरचा गेन ऑटोवर ठेवणं

आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा, सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ, म्हणजेच एसडीआर) मूळचा यूएसबीवर टीव्ही बघण्यासाठी निघालेला. आरटीएल २८३२यू ही त्याची चिप. आर८२०टी२ ट्यूनर असेल तर तो साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ ऐकतो आणि लॅपटॉपवर अख्खा पट्टा डोळ्यांसमोर उभा करतो. पण ऑटोमॅटिक गेन (गेन म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते) चालू असेल तर जोरदार सिग्नल आल्यावर तो स्वतःच आवाज आवरतो, अशक्त आल्यावर वाढवतो. मग चांगला आणि वाईट अँटेना दोघांचे आकडे सारखे दिसतात. गेन हाताने एका जागी ठेवा आणि तुलना संपेपर्यंत त्याला हात लावू नका. सॅम्पल रेट आणि एफएफटीची (पडद्यावरचा आलेख काढणाऱ्या गणिताची) सेटिंगही तीच ठेवा, कारण ती बदलली की गोंगाटाची रेघ वरखाली होते.

दुसरं, पडद्यावरचे उणे आकडे डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली शक्ती) नसतात. ‘माझ्याकडे उणे ४० डीबीएम येतो’ असं डोंगलवरून सांगता येत नाही. तो आकडा डोंगलच्या कमाल मर्यादेपेक्षा सिग्नल किती खाली आहे एवढंच सांगतो. फरक मात्र खरा असतो: ३ डीबी म्हणजे दुप्पट शक्ती, १० डीबी म्हणजे दहापट.

ओव्हरलोड न ओळखणं

डोंगल फक्त ८ बिटचा, म्हणजे जोरदार आणि अशक्त सिग्नल एकत्र सांभाळायची कुवत थोडी, आणि मुंबईत एफएम स्टेशनांची दाटी. ९१.१, ९२.७, ९३.५, ९८.३, शिवाय आकाशवाणीची १००.७ आणि १०७.१. मालाडला मालवणीकडे राहात असाल तर आकाशवाणीच्या मध्यम लहरींच्या प्रक्षेपकांचा मारा वेगळा. चांगला अँटेना लावल्यावर डोंगल गुदमरतो: नसलेल्या जागी स्टेशनं दिसू लागतात, गोंगाटाची रेघ उचलली जाते, आणि नवा अँटेना जुन्यापेक्षा वाईट ठरतो. १४५ मेगाहर्ट्झवर हॅमवाल्यांचा रिपीटर (आलेला सिग्नल पुन्हा पुढे पाठवणारं केंद्र) ऐकू पाहणाऱ्यांना हा त्रास जास्त.

तपासणी सोपी आहे. केबलवाल्याकडून १० डीबीचा अ‍ॅटेन्यूएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा तुकडा) घ्या आणि मध्ये लावा. सिग्नल बरोबर १० डीबीने उतरला तर यंत्र खरं बोलतंय. एखादं स्टेशन २०-३० डीबीने खाली गेलं किंवा गायबच झालं, तर ते हवेत नव्हतंच, डोंगलच्या पोटात तयार झालं होतं. गेन कमी करा, नाहीतर ८८ ते १०८ अडवणारा बँडस्टॉप फिल्टर लावा. अ‍ॅटेन्यूएटर मिळाला नाही तर केबल टीव्हीचा दोन तोंडांचा स्प्लिटर चालतो, एका तोंडावर साधारण साडेतीन ते चार डीबी कमी होतात. दुसऱ्या तोंडाला ७५ ओहमचं टर्मिनेटर लावायला विसरू नका.

एडी ८३०७ चिपचं पॉवर मीटर मॉड्यूलही लोक घेतात. स्वतःच्या ट्रान्समीटरशेजारी ते उत्तम. पण त्याला स्टेशन निवडता येत नाही. गच्चीवरच्या अँटेनाला थेट लावलंत तर शहरातल्या सगळ्या स्टेशनांची एकत्र बेरीज दाखवेल. डायोड आणि मायक्रोअ‍ॅमीटरच्या साध्या फील्ड स्ट्रेंग्थ मीटरलाही हेच लागू, आणि दूरच्या स्टेशनावर तर त्याचा काटा हलतच नाही.

एका जागी, एकदाच मोजणं

एफएमची तरंगलांबी सुमारे ३ मीटर. सिमेंटच्या भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे खोलीत पाऊण मीटर सरकलं तरी सिग्नल शिगेवरून तळाला जाऊ शकतो. दोन अँटेनांची तुलना करताना दोन्ही नेमक्या त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवा. हातात धरू नका, काठीला बांधा आणि दोन पावलं मागे व्हा. मग दोघांनाही थोडं थोडं सरकवून प्रत्येकाची सर्वोत्तम जागा शोधा. उभा की आडवा हेही तपासा. दोन मीटरच्या रिपीटरसाठी अँटेना उभा हवा, आडवा धरलात तर मोकळ्या जागेत २० डीबीपर्यंत फटका बसतो.

मोजायला एफएम स्टेशन घ्या. गाणं असो की शांतता, त्याच्या प्रक्षेपणाची शक्ती बदलत नाही. मध्यम लहरी मोजायच्या तर भर दुपारी मोजा. रात्री दूरची स्टेशनं येऊन मिसळतात.

केबलही तीच ठेवा. १०० मेगाहर्ट्झला आरजी-५८ मध्ये १०० मीटरला १५ डीबीच्या आसपास घट होते, डिशच्या आरजी-६ मध्ये त्याच्या निम्म्याहून कमी. आरजी-६ ही ७५ ओहमची म्हणून ५० ओहमच्या डोंगलला चालणार नाही असं समजून लोक महाग केबल घेतात. ऐकण्यासाठी त्या फरकाने पाव डीबीही जात नाही. मी बिनधास्त आरजी-६ सुचवतो.

पावसाआधी आकडे न टिपणं

मे महिन्यात चार-पाच स्टेशनांचे आकडे, गेन आणि तारीख वहीत लिहून ठेवा. पावसानंतर पुन्हा मोजा. सगळी स्टेशनं सारखीच उतरली असतील तर आधी कनेक्टर बघा. खाऱ्या हवेने तो हिरवा पडलेला असतो, कापून नवा लावा आणि वरून सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप गुंडाळा. खालच्या फ्रिक्वेन्सीपेक्षा वरच्यांवर घट जास्त दिसली तर केबलमध्ये पाणी शिरलंय असं समजा. ती केबल वाळवून उपयोग नाही, बदलावीच लागते. आणि एकाच दिशेची स्टेशनं उतरली असतील तर मान वर करून बघा. शेजारच्या रीडेव्हलपमेंटचा टॉवर उठला असेल तर केबल आणि कनेक्टरवर खर्च करू नका, सोसायटीशी बोलून अँटेना गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवा आणि तिथे पुन्हा आकडे घ्या.