रविवारची सकाळ, जरीपटका

वेगळी संस्कृती कळावी म्हणून विमानाचं तिकीट कशाला? नागपुरात इंदोरा चौकाला मेट्रोतून उतरा आणि जरीपटक्यात चला. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची ही वस्ती. शक्यतो एकटेच जा. ओळखीचं टोळकं सोबत असलं की आपण आपल्यातच गप्पा मारत बसतो. नाश्त्याला तर्री-पोह्याऐवजी दाल-पकवान (हरभऱ्याची डाळ आणि कुरकुरीत पुरी) मागा आणि कानावर पडणारी सिंधी नुसती ऐका. पहिली दहा मिनिटं अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या, त्यासाठीच तर आलात.

मग दुकानदाराला एखादा साधा प्रश्न विचारा: 'तुमच्याकडे कढी कशी करतात?' (भाजलेल्या बेसनाची, चिंचेने आंबट केलेली, ताकाचा थेंब नाही. आपल्या कढीभक्तांना हे पचायला जडच!) उत्तर ऐकताना 'आमच्यात असं नसतं' हे वाक्य मात्र गिळा. चेटीचंड हा सिंधी नववर्षाचा सण गुढीपाडव्याच्या आसपासच येतो, तेव्हा गेलात तर झुलेलाल या सिंधी दैवताचा उत्सवही बघायला मिळेल. फोटो विचारूनच काढा. घरी आल्यावर काय खटकलं ते दोन ओळींत लिहून ठेवा आणि महिनाभराने त्याच दुकानात परत जा.